चारशे डॉलर, चार टायर आणि सडबरीचा पहिला हिवाळा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

ऑटवाहून बोलतोय. आज सकाळी गाडीच्या काचेवर यंदाचं पहिलं दंव गोठलेलं दिसलं. काच खरवडायचा खुरपा नेहमीप्रमाणे सापडेना, शेवटी लायब्ररीच्या कार्डाने खरवडली. ऑक्टोबर अर्धा संपला की दरवर्षी हे असंच होतं, आणि दरवर्षी मी म्हणतो, पुढच्या वर्षी खुरपा आधीच काढून ठेवायचा.

तर आजचा विषय टायर. हा भाग मी डिसेंबरात करणार होतो, पण गेल्या आठवड्यात एक मेसेज आला आणि तो वाचून म्हटलं, डिसेंबरात करून उपयोग नाही. मुलगा मूळचा सांगलीकडचा, सडबरीला कॉलेजात शिकतो. त्याने लिहिलं होतं ते थोडक्यात असं: "दादा, २०१२ ची जुनी कोरोला घेतलीय. संध्याकाळी पिझ्झा पोचवायचं काम करतो. गाडीला ऑल सीझन टायर आहेत, बटणं बरी आहेत. दुकानात चार विंटर टायर फिटिंगसकट आठशेच्या घरात सांगतात. माझ्याकडे चारशे आहेत. पुढचे दोनच घेतले तर चालेल का? नाहीतरी ही गाडी पुढच्याच चाकांवर ओढते."

याचं छोटं उत्तर मी त्याला लगेच पाठवलं. दोन नको. घेतलेस तर चार घे, नाहीतर यंदा गाडीवरचं काम घेऊ नकोस. पण "का" हे मेसेजमध्ये मावेना, म्हणून हा भाग.

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण मी काही शहाणा होतो अशातला भाग नाही. आमचा इथला पहिला हिवाळा. गाडी सेकंडहँड घेतली होती आणि विकणारा म्हणाला होता, ऑल सीझन टायर आहेत, नवेच आहेत, म्हणजे सगळे ऋतू आलेच की! मला पटलं. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेली, खंबाटकीत पहिल्या पावसात चालवलेली, मला काय कोण शिकवणार. नोव्हेंबर अखेरची संध्याकाळ होती. दिवसभर भुरभुर झालेली आणि रहदारीने दाबून रस्ता गुळगुळीत झालेला. बायकोला सातवा महिना होता, डॉक्टरकडून परत येत होतो. वेग असेल ताशी तीस. पुढे स्टॉपची पाटी दिसली, ब्रेक दाबला आणि पायाखाली धडधड धडधड सुरू झालं. ते एबीएस. गाडी मात्र थांबायचं नाव घेईना. ओरडावं इतकासुद्धा वेग नव्हता हो! अगदी सावकाश, पाटीशेजारून, आम्ही चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिलो. डावीकडून बस येत होती. तिच्या ड्रायव्हरने लांबूनच ओळखलं असावं, तो आधीच थांबला होता. त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. आम्ही दोघं घरी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

यात काय कळलं? त्या संध्याकाळपर्यंत मला गाडीत काहीच खोट जाणवली नव्हती. गाडी निघत होती, वळत होती, चढ चढत होती. टायर कमी पडतोय हे चालताना कळत नाही, ते कळतं थांबताना, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. म्हणून "माझी गाडी मस्त चालते हिमात" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, थांबते कशी? फोर व्हील ड्राइव्हवाल्यांना तर हटकून विचारतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी निघते झकास. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांवर असतात, मग थांबण्यात त्यांना जास्तीचं काय मिळालं? काहीच नाही. उलट निघायला सोपं म्हणून वेग वाढतो. पहिल्या मोठ्या हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी ४१७ वर खड्ड्यात गेलेल्या गाड्या बघा, त्यात उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्या भरपूर असतात.

इथे एक शब्दाची सोय करून घेतो. आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो. आज मी वरून पडतं त्या भुसभुशीताला हिम म्हणेन आणि काचेसारखं कडक होतं त्याला बर्फ. टायरच्या लेखी ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आता रबराकडे. विंटर टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर असं बऱ्याच जणांना वाटतं. नक्षी आहेच, पण मुख्य फरक मसाल्याचा आहे. पुण्या-सांगलीकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, आठवतं? आंघोळीआधी ती गरम पाण्याच्या तांब्यात ठेवायची. त्याच घरात, त्याच सकाळी, शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्याला काही होत नाही. दोन्ही तेलंच, पण थिजायची वेळ वेगळी. रबर तेलासारखं गोठत नाही, पण गार होत गेलं की कडक होत जातं आणि किती गारठ्याला कडक व्हायचं हे त्याच्या मसाल्यावर ठरतं. उन्हाळी टायर म्हणजे खोबरेल. ऑल सीझन मधलं काहीतरी. विंटर टायरमध्ये मसाला असा बांधलेला असतो की उणे वीसलाही तो मऊ राहतो आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतो. ढोबळ मानाने हवेचं तापमान ७ अंशांच्या खाली राहायला लागलं की विंटर टायर सरस ठरू लागतो. हे ७ म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. ८ ला गाडी पडत नाही आणि ६ ला उडत नाही. पण यातली मेख अशी की हिम पडलेलं नसतानाही, कोरड्या दिसणाऱ्या पण गारठलेल्या रस्त्यावर, फरक पडतोच.

मग नक्षी कशाला? विंटर टायरच्या बटणांवर नीट पाहिलंत तर ब्लेडने मारल्यासारखे नागमोडी बारीक काप दिसतील, शेकड्यांनी. चाकाखाली आलं की बटण किंचित वाकतं, काप उघडतात आणि प्रत्येक कापाची एक धार रस्त्याला लागते. बर्फावर जो पाण्याचा पातळ थर असतो तोही थोडाफार या कापांत शोषला जातो. आणि मोठ्या खाचा असतात त्या हिम भरून घेण्यासाठी. हो, भरून घेण्यासाठीच! चिखलात आपल्याला खाच मोकळी राहायला हवी असते, इथे उलटं. हिमाला हिम चिकटतं. पोरं गोळे करतात ते बघा. खाचेत दाबून बसलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं. आमचे एक काका पहिल्या वर्षी दर सिग्नलला उतरून टायरमधलं हिम काठीने काढायचे, बिचारे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त वाईट. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, त्यावर थोडीतरी पकड मिळते. शून्याला त्याच्यावर पाणी सुटलेलं असतं. म्हणजे "आज काय, थंडी कमी आहे" असं ज्या दिवशी वाटतं, तोच दिवस घसरायचा. गोठणारा पाऊस पडला तर कुठल्याच टायरने फुशारकी मारू नये, घरी बसावं. पिझ्झा थांबेल.

आता जरा आकडे. ज्यांना गणित आवडत नाही त्यांनी पुढच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तेवढं धरावं.

ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा आकडा ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून १२ मीटरच्या आसपास गाडी थांबते. दाबलेल्या हिमावर बऱ्या टायरला ०.३ मिळाले असं धरू, ३३ मीटर लागतील. त्याच हिमावर दुसऱ्या टायरला ०.२ मिळाले तर ४९. उघड्या बर्फावर ०.१ म्हणजे ९८ मीटर, एक अख्खी गल्ली. हे आकडे हिशेबापुरते आहेत, प्रत्येक टायरचं आणि प्रत्येक रस्त्याचं वेगळं. पण ३३ आणि ४९ मधला फरक बघा. लोक म्हणतात, सोळा मीटरच ना, अंतर जास्त ठेवू. ठीक आहे. पण अंतर ठेवलं तरी पोरगं दोन गाड्यांच्या मधून अचानक येतं तेव्हा अंतर ते ठरवतं, तुम्ही नाही. समजा ते बरोबर ३३ मीटरवर आहे. पहिली गाडी त्याच्यासमोर थांबली. दुसरी गाडी त्या जागी असताना तिचा वेग किती उरलेला असेल? ताशी २९. कारण वेगाची ऊर्जा वर्गाने असते, दोन तृतीयांश ऊर्जा जिरली तरी निम्म्याहून जास्त वेग शिल्लक राहतो. एक गाडी उभी, दुसरी २९ ने आदळणारी, आणि दोघींमध्ये फरक टायरांचा.

आता सांगलीच्या पठ्ठ्याचा प्रश्न. दोनच घेतले तर? पुढे ओढणाऱ्या गाडीला पुढे विंटर आणि मागे ऑल सीझन लावले की गाडी निघते छान, पुढून थांबतेही बरी. मग उतारावर वळणात ब्रेक लागतो किंवा नुसता पाय उचलला जातो. वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो, पुढची चाकं धरून ठेवतात आणि मागची सुटतात. मागचा भाग पुढे यायला बघतो. गाडी स्वतःभोवती फिरते. चारही चाकं सारखीच वाईट असती तर गाडी निदान सरळ घसरली असती. दोन चांगली लावून आपण ती फिरायची सोय करतो. आणि हे आधी कळायला मार्ग नाही, कारण स्टेअरिंगचा अंदाज पुढच्या चाकांवरून येतो, ती तर मस्त धरतायत. सडबरी म्हणजे टेकड्यांचं, खडकांचं गाव. तिथे उतार आणि वळण दोन्ही एकदम मिळतं. म्हणून म्हटलं, दोन नको.

मग चारशेत चार कसे? जुने. लोखंडी रिमसकट जुने. मी एरवी जुन्या टायरांचा पुरस्कर्ता नाही, पण दोन नव्यांपेक्षा चार चांगले जुने केव्हाही बरे असं माझं स्पष्ट मत आहे. ओंटारियोत ऑक्टोबरात अशा जाहिराती भरपूर येतात. कुणी गाडी विकली, चाकं घरात पडून राहिली. कोरोलाला गिऱ्हाईक जास्त तशी चाकंही जास्त.

बघायचं काय? पहिलं म्हणजे माप. टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १९५/६५ आर १५ ९१ टी. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा व्यास इंचात, ९१ हा भार पेलायचा सांकेतिक आकडा आणि टी ही वेगाची मर्यादा. गाडीचं मूळ माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर असतं, तिथूनच हवेचा आकडाही मिळतो. तुझ्या गाडीला सोळा इंची चाकं असली तरी पंधरा इंची चालत असतील तर तीच घे. अरुंद आणि जाड कडेचा टायर हिम कापत जातो, खड्ड्यात रिम वाचते, आणि स्वस्तही पडतो. हिवाळ्यात रुंद टायर मिरवण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, चिन्ह. कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण, असं चित्र हवं. नुसतं "एम प्लस एस" पुरत नाही. चिखल आणि हिम असा त्याचा अर्थ, पण ते अक्षर कंपनी नक्षी बघून स्वतःच टाकू शकते. डोंगराचं चिन्ह मिळवायला टायरला दाबलेल्या हिमावर ठरलेल्या टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. ही पद्धत १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडात आली. पण यातही खोच आहे, ही चाचणी हिमावरची आहे, बर्फावरची नाही. म्हणून "ऑल वेदर" नावाचे जे टायर हल्ली निघालेत, ज्यांवर डोंगर असतो आणि जे बारा महिने चालतात, ते टोरांटोच्या मधोमध राहणाऱ्याला पुरतील. सडबरीला मी ते घेणार नाही. ऑल सीझन आणि ऑल वेदर ही दोन नावं ज्याने इतकी सारखी ठेवली त्याला एकदा भेटायचंय मला.

तिसरं, वय. डॉट अशा अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २९२१ म्हणजे २०२१ च्या २९ व्या आठवड्यात बनलेला. ही ओळ पूर्ण रूपात कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला असते, वाकून बघायचं, लाजायचं नाही. विंटर टायर सहा वर्षांपलीकडचा मी घेत नाही, नक्षी कितीही छान असली तरी. मसाला वाळतो, मग शेंगदाणा तेलाचं खोबरेल झालेलं असतं.

चौथं, खोली. कायद्याने टायर १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण हिमासाठी ४ च्या खाली गेला की विंटर टायर नावापुरता उरतो. आपल्याकडे टायर पार गोटा होईपर्यंत चालवायची सवय असते, ती इथे विसरायची. नवा असताना ८ ते ९ असतो. जुना घेताना ५ च्या खाली नको, म्हणजे दोन हिवाळे निघतील. मोजायचं साधन काही डॉलरांत मिळतं, खिशात ठेव. आतल्या कडेला, मधे, बाहेरच्या कडेला, तिन्हीकडे मोज. एक बाजू जास्त झिजली असेल तर त्या गाडीचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं. ब्लिझॅकसारख्या काही टायरांत वरचा थरच खास सच्छिद्र रबराचा असतो, तो झिजला की खाली साधं रबर लागतं. तिथे तर खोली आणखी महत्त्वाची. चारही टायर एकाच जातीचे हवेत. कडेला फुगवटा, चीर किंवा ठिगळ असेल तर तिथूनच नमस्कार करून निघायचं.

रिम जुळते का तेही बघ. त्या काळातल्या कोरोलाला पाच नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. काही सुबारूंनाही तेच वर्तुळ आहे, म्हणून लोक "बसतं" म्हणून देतात. बसतं खरं, पण मधलं भोक कोरोलाला ५४.१ आणि त्या सुबारूला ५६.१. मधे कडं घातलं नाही तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं.

खिळ्यांचे टायर घेऊ का, असंही त्याने विचारलं होतं. दक्षिण ओंटारियोत राहणाऱ्यांना मनाई आहे, उत्तरेकडच्यांना हिवाळ्यापुरती परवानगी आहे, सडबरी उत्तरेत येतं. उघड्या बर्फावर खिळ्यांना तोड नाही. पण साफ केलेल्या डांबरावर ते कडकड वाजतात आणि तिथे थांबायला उलट जास्त अंतर घेतात. गावातल्या गावात पिझ्झा पोचवायला मी बिनखिळ्यांचेच घेईन. खाणीच्या वाटेने पहाटे जाणाऱ्याला मात्र नाही म्हणणार नाही.

आता बसवणं. हे घरी करता येतं, आणि शिकून घ्यावं. सांगलीत कोपऱ्यावर पंक्चरवाला असतो, इथे पहिलं हिम पडलं की तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते. रिमसकट चाकं असतील तर काम तासाभराचं. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला ओट. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, उचलल्यावर नाही. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा आणि नुसत्या जॅकवर कधीही विसंबायचं नाही, खाली घोडी ठेवायचीच. जुनं चाक निघालं की ते जिथे टेकतं तो चकतीचा भाग तारेच्या ब्रशने घासायचा.

हे घासायचं का ते मी भोगून शिकलो. दुसऱ्या हिवाळ्यात मोठ्या ऐटीत चाकं स्वतः बदलली. ब्रश कशाला म्हटलं. नट पायाने दाबून आवळले, झालं. तीन-चार दिवसांनी कनाटाहून घरी येताना ४१७ वर मागून ठक ठक असा आवाज यायला लागला. वाटलं, हिमाचा गोळा अडकलाय. आवाज वाढला तेव्हा कडेला घेतली, बाहेर उणे पंधरा. मागच्या डाव्या चाकाचे पाचपैकी तीन नट बोटांनी फिरत होते. गंजाच्या खपल्यांवर चाक टेकलं होतं, चालताना खपल्या चुरल्या आणि तेवढी फट पडली. मागच्या सीटवर बेबी सीट होती, त्या दिवशी रिकामी.

तेव्हापासून माझे नियम असे. चकती घासायची. नट आधी हाताने बसवायचे, मग चांदणीच्या आकारात, एक सोडून एक आवळायचे, गोल गोल नाही. शेवटी टॉर्कचा पाना. कोरोलाला १०३ न्यूटन मीटर. पायाने दाबून किती होतं ते कुणालाच ठाऊक नसतं, कमीही वाईट आणि जास्तही, जास्तीने आटे ताणले जातात. आट्यांना तेल-ग्रीस लावू नये, पाना खोटा आकडा दाखवतो. काही ॲलॉय चाकांचे नट चपट्या वॉशरचे असतात, लोखंडी रिमला निमुळते लागतात, ते आधी बघून ठेव. आणि ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा. पुन्हा एकदा म्हणजे खरोखरच पुन्हा एकदा.

टायरच्या कडेला बाण असेल तर चाक त्या दिशेने फिरायला हवं. डावं-उजवं चुकलं तर नक्षी हिम बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढते. काढलेल्या चाकांवर खडूने लिहून ठेवायचं, पुढचं डावं, मागचं उजवं. वसंतात तुम्हाला काही आठवणार नाही. रिमसकट चाकं एकावर एक आडवी चालतात, नुसते टायर उभे ठेवावेत.

हवा. ही गारठ्यात आपोआप उतरते. तापमान १० अंशांनी उतरलं की दीड-दोन पौंड जातात. वीस अंशांच्या उबदार गॅरेजात ३२ भरून गाडी उणे वीसमध्ये उभी केली की सहा पौंडांच्या वर गेलेले असतात, पंक्चर नसतानाही. म्हणून रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीचीच हवा बघायची, महिन्यातून एकदा. हिमात हवा कमी ठेवावी असा सल्ला काही जण देतात. वाळूत असेल खरा, इथे ऐकू नका. आणि हो, स्टेपनीतलीही हवा बघा. जाता जाता, हा स्टेपनी शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ही जादा चाकं बनायची. इंग्रजीतून तो जवळजवळ गेला, आपण जपून ठेवला.

कायद्याचं लवकर उरकतो. आमच्या ऑटवात विंटर टायरची सक्ती नाही. नदीवरचा पूल ओलांडला की क्यूबेक, तिथल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती. तीच नदी, तेच हिम! ओंटारियोत एवढंच आहे की १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरवर सूट द्यावी लागते. थोडी असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. फोन करशीलच तर त्यांना पिझ्झा पोचवतोस हेही सांग, साध्या विम्यात बहुतेक वेळा ते बसत नाही आणि अपघातानंतर कळून उपयोग नसतो. जर्मनीतून ऐकणाऱ्यांनी लक्षात घ्या, तुमच्याकडे रस्त्यावर हिम-बर्फ असेल तर योग्य टायर सक्तीचे, आणि जुन्या "एम प्लस एस" ची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आता डोंगराचं चिन्ह हवंच.

तर, सांगलीचा पठ्ठ्या. मंगळवारी त्याने एका जाहिरातीतल्या चाकांचे फोटो पाठवले, २८० डॉलर, नक्षी अगदी नव्यासारखी. शेवटचे चार आकडे विचारले, ३४१६. आठ वर्षांचे. नको म्हटलं. हिरमुसला. गुरुवारी दुसरे मिळाले, लोखंडी रिमसकट ३६०, आकडे २९२१, त्याने स्वतः तिन्ही ठिकाणी मोजलं तर साडेपाच ते सहा. त्याच्या एका रूममेटच्या ओळखीत टॉर्कचा पाना आहे. रविवारी दुपारी दोघांनी मिळून चाकं चढवली. चौघांच्या कडांचे फोटो आले, बाण बरोबर आहेत. काल रात्री विचारलं, किती किलोमीटर झाले? म्हणाला, त्र्याहत्तर. म्हटलं, उद्या कामावर जायच्या आधी नट बघून घे, आणि बघितलेस की मला कळव. अजून त्याचा मेसेज आलेला नाही. हे रेकॉर्डिंग संपलं की मी त्याला फोन लावतोय.